परिचारिकेचा मानसिक ताण हीदेखील कामावरील इजाच

भिलाई पोलाद कारखान्यात १२ जून २०१४ रोजी पाण्याच्या पंपगृहात कार्बन मोनॉक्साइड वायू शिरला आणि दोन उपमहाव्यवस्थापकांसह सहा जणांचा बळी गेला. ९ ऑक्टोबर २०१८ रोजी त्याच कारखान्याच्या कोक भट्ट्यांच्या विभागात वायुवाहिनीवर काम चालू असताना आगीचा लोळ उठला. नऊ जण त्याच दिवशी मरण पावले आणि भाजलेल्यांपैकी आणखी काही पुढील दिवसांत दगावले. अशा प्रत्येक दुर्घटनेनंतर मृतांची व जखमींची मोजदाद होते, चौकशी होते, वारसांच्या नोकरीचा व भरपाईचा प्रश्न उभा राहतो आणि कामगार संघटना त्यासाठी लढतात. हे सर्व आवश्यकच आहे. परंतु गुदमरलेली व होरपळलेली माणसे ज्यांच्या हाती सोपवली जातात, त्या सेक्टर ९ च्या जवाहरलाल नेहरू रुग्णालयातील परिचारिकांची गणना या मोजदादीत होत नाही. सहकारी कामगारांचे जळालेले देह ज्यांनी हाताळले, आप्तांचा आक्रोश ज्यांनी ऐकला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वेळेवर ज्या पाळीवर हजर झाल्या, त्या कायद्याच्या लेखी जखमी नव्हत्या.

देशातील प्रत्येक शहरात, प्रत्येक तातडी विभागात हेच घडत आहे. अपघात विभागातील परिचारिकेला झोप न लागणे, कारण नसताना धडधड होणे, घरच्यांवर चिडणे, काही काळाने रुग्णाच्या वेदनेविषयी बधिर होणे व शेवटी नोकरी सोडावीशी वाटणे, या साऱ्याला व्यवस्थापन तिच्या स्वभावाचा दोष मानते. ती हळवी आहे, तिला ताण सोसत नाही, तिच्या घरात कटकटी आहेत, असे सांगितले जाते. कामगार चळवळीने हा युक्तिवाद पूर्वी अनेकदा ऐकलेला आहे. यंत्रात हात सापडलेल्या कामगाराला निष्काळजी ठरवण्याची रीत जितकी जुनी, तितकीच ही रीतही जुनी आहे. परिचारिकेच्या मनाची झीज ही कामाच्या रचनेतून उद्भवणारी इजा आहे, आणि तिची जबाबदारी कामाची रचना ठरवणाऱ्यांवरच आहे.

या रचनेचे स्वरूप नीट पाहिले पाहिजे. सर्वसाधारण वॉर्डात खाटा मोजता येतात. तातडी विभागात येणाऱ्यांची संख्या कोणालाच ठाऊक नसते. एकाच तासात रस्त्यावरील अपघाताचे चार जखमी, विष प्यालेली सून, हृदयविकाराचा झटका आलेला वृद्ध आणि तापाने फणफणलेले मूल येऊ शकते. कोणाकडे आधी धावायचे याचा पहिला निर्णय बहुधा परिचारिकेलाच घ्यावा लागतो. सलाईन, इंजेक्शन, प्राणवायू यांबरोबरच पोलिसांसाठीच्या नोंदी, मृताच्या अंगावरील वस्तूंची यादी आणि पाळी बदलताना पुढच्या सिस्टरला द्यावयाचा तपशील हेही तिचेच काम. औषध साठ्यात नसेल, वरच्या मजल्यावर खाट रिकामी नसेल किंवा डॉक्टर दुसऱ्या रुग्णाकडे गुंतलेले असतील, तर नातेवाइकांचा संताप प्रथम तिच्यावर कोसळतो, कारण समोर तीच उभी असते.

श्रमविज्ञानाने या स्थितीचा उलगडा फार पूर्वीच केला आहे. रॉबर्ट कॅरासेक या अभ्यासकाने १९७९ साली दाखवून दिले की, केवळ काम अधिक असल्याने माणूस खचत नाही. कामाचा रेटा प्रचंड आणि त्या कामावरील स्वतःचे नियंत्रण अत्यल्प, ही जोडी माणसाला खचवते. तातडी विभागातील परिचारिका या सिद्धांताचे चपखल उदाहरण आहे. किती रुग्ण यावेत, किती हात मदतीला असावेत, रजा कधी मिळावी, रात्रपाळ्या किती लागाव्यात, यांपैकी काहीही ती ठरवत नाही. चूक झाली की जाब मात्र तिलाच द्यावा लागतो. श्रमिकाचा आपल्या श्रमावरील ताबा हिरावला गेला की त्याचे श्रम त्याच्यावरच उलटतात, हे मार्क्सवाद सांगत आला आहे. पोलाद कामगाराइतकेच ते रुग्णालयातील कामगारालाही लागू आहे.

या रेट्याला आकड्यांचा आधार आहे. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४६ मध्ये, भोर समितीला साऱ्या देशात सुमारे ७,००० परिचारिका आढळल्या. म्हणजे सुमारे ४३,००० लोकसंख्येमागे एक. त्यानंतर संख्या खूप वाढली, शिक्षणसंस्था गावोगाव निघाल्या. तथापि प्रशिक्षित परिचारिका बेकार आणि वॉर्डातील पदे रिकामी, असे विपरीत चित्र उभे राहिले. सर्वसाधारण वॉर्डात सहा रुग्णांमागे एक आणि अतिदक्षता विभागात एका खाटेमागे एक परिचारिका असावी, असे सरकारमान्य मापदंड सांगतात. रात्री वॉर्डात पाऊल टाकणाऱ्या कोणालाही प्रत्यक्ष स्थिती दिसते. तातडी विभागात तर हे मापदंड कागदावरही तोकडे पडतात, कारण तेथे रुग्ण खाटेच्या हिशेबाने येत नाही, स्ट्रेचरवर येतो, बाकड्यावर बसतो, जमिनीवर निजतो.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९७७ साली परिचारिकांसाठी स्वतंत्र करार, क्रमांक १४९, संमत केला. त्यासोबतच्या शिफारशीत ओव्हरटाइम धरून दिवसाचे काम १२ तासांहून अधिक नसावे, दोन पाळ्यांमध्ये किमान १२ तास सलग विश्रांती मिळावी व आठवड्याची सलग सुटी कोणत्याही परिस्थितीत ३६ तासांहून कमी नसावी, असे स्पष्ट म्हटले आहे. भारताने या कराराला मान्यता दिलेली नाही. केंद्रात सरकारे आली आणि गेली. या एका बाबतीत त्यांचे सातत्य अढळ राहिले.

वेतनाची कथा याहून निराळी नाही. खाजगी रुग्णालयांतील परिचारिकांच्या वेतनाबाबत सर्वोच्च न्यायालयाच्या २९ जानेवारी २०१६ च्या निर्देशानुसार केंद्र सरकारने समिती नेमली. २०० हून अधिक खाटांच्या रुग्णालयांनी सरकारी परिचारिकांइतकेच वेतन द्यावे आणि ५० हून कमी खाटांच्या रुग्णालयांतही ते २०,००० रुपयांहून कमी असू नये, अशी शिफारस समितीने केली. अंमलबजावणी राज्यांवर सोपवण्यात आली आणि शिफारस बव्हंशी कागदावर राहिली. सरकारी सेवेत कायम पदांच्या जागी कंत्राटी नेमणुका होत गेल्या. महाराष्ट्रातील सरकारी परिचारिकांना मे २०२२ च्या अखेरीस बाह्यसंस्थेमार्फत होणाऱ्या भरतीच्या विरोधात बेमुदत संपावर जावे लागले, ते याच धोरणामुळे. पुढील वर्षी नोकरी राहील की नाही याची शाश्वती नसलेली स्त्री अन्यायाविरुद्ध तोंड उघडत नाही. ती आजारपणाची रजादेखील भीतभीतच मागते.

या ताणात घराचा वाटा मोठा आहे आणि तोही खाजगी प्रश्न म्हणून सोडून देता येणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या अहवालानुसार जगातील परिचारिकांपैकी सुमारे ९० टक्के स्त्रिया आहेत. रात्रपाळी संपवून सकाळी घरी पोचलेल्या परिचारिकेची दुसरी पाळी चुलीपाशी सुरू होते. मुलांचे डबे, सासूसासऱ्यांचे औषधपाणी, पाण्याचा नळ, किराणा हे सर्व उरकून ती दुपारी झोपू पाहते, तोवर मुले शाळेतून परततात. अनेकींच्या डोक्यावर खाजगी नर्सिंग कॉलेजच्या शुल्कासाठी काढलेले कर्ज असते. अनेकी केरळातून, विदर्भातून, ओडिशातून किंवा बस्तरच्या खेड्यांतून आलेल्या, कुटुंबापासून दूर राहणाऱ्या. रात्रपाळी करणाऱ्या स्त्रीकडे वाकड्या नजरेने पाहणारा शेजार आणि परक्या देहाची घाण काढण्याला हलके काम मानणारी जातिव्यवस्था, या दोन्हींचा भार तिला सोसावा लागतो. कामाचा ताण घरी येतो, घराची विवंचना कामावर जाते, आणि दोन्हीकडे चुकीला क्षमा नसते.

यात भीतीची भर पडते. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात अरुणा शानबाग या परिचारिकेवर तेथीलच एका सफाई कर्मचाऱ्याने पाशवी हल्ला केला. १८ मे २०१५ रोजी मृत्यू येईपर्यंत ती ४१ वर्षांहून अधिक काळ त्याच रुग्णालयात अंथरुणाला खिळून होती, आणि परिचारिकांच्या एकामागून एक पिढ्यांनी तिची शुश्रूषा केली. छत्तीसगड व महाराष्ट्र या दोन्ही राज्यांनी २०१० साली आरोग्य कर्मचाऱ्यांवरील हल्ल्यांविरुद्ध कायदे केले. हल्ले थांबले नाहीत. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात तरुण डॉक्टर स्त्रीची बलात्कार करून हत्या झाली, तेव्हा रात्रपाळीतील स्त्रियांना विश्रांतीसाठी सुरक्षित खोलीही नसते हे साऱ्या देशाने पाहिले. परिचारिकांना ते आधीपासूनच ठाऊक होते.

या सर्वांवर सत्ताधाऱ्यांचा उपाय कोणता? मे व जून २०१८ मध्ये छत्तीसगडमधील सरकारी परिचारिका वेतनश्रेणीसाठी संपावर गेल्या, तेव्हा राज्यातील तत्कालीन भाजप सरकारने अत्यावश्यक सेवा कायद्याचा बडगा उगारला आणि रायपूर येथे शेकडो परिचारिकांना अटक केली. दोन वर्षांनी महासाथ आली. २२ मार्च २०२० रोजी टाळ्या व थाळ्या वाजवल्या गेल्या, ३ मे रोजी हवाई दलाच्या हेलिकॉप्टरांतून रुग्णालयांवर फुले उधळली गेली. एप्रिल २०२१ मध्ये भिलाई ज्या जिल्ह्यात आहे तो दुर्ग जिल्हा दुसऱ्या लाटेच्या तडाख्यात सापडला आणि ६ एप्रिलपासून तेथे टाळेबंदी लागू झाली. प्राणवायू आणि खाटा यांसाठी चाललेली धावाधाव ज्यांनी आतून पाहिली, त्यांच्यासाठी त्या फुलांचा काही उपयोग नव्हता. वेतन मागणारी परिचारिका गुन्हेगार आणि मुकाट्याने मरणाशी झुंजणारी परिचारिका देवदूत, अशी ही नीती आहे.

आता तणावमुक्तीची व्याख्याने, योगशिबिरे आणि ध्यानधारणा यांची चलती आहे. योगासनांना कोणाचा विरोध नाही. परंतु सलग रात्रपाळ्या केलेल्या स्त्रीला सुटीच्या दिवशी शिबिराला बोलावणे, हा तिच्या विश्रांतीवर आणखी एक घाला आहे. १२ मे रोजी ज्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या नावाने दिवे लावले जातात, त्या स्वतः मृत्यूंची गणना करणाऱ्या कठोर संख्याशास्त्रज्ञ होत्या. क्रिमियाच्या युद्धात सैनिक जखमांपेक्षा रोगराईनेच अधिक मेले, हे त्यांनी आकड्यांनिशी सरकारपुढे मांडले. त्यांचे खरे स्मरण करायचे असेल, तर प्रत्येक पाळीतील रुग्णांची आणि हातांची संख्या रोज भिंतीवर लावावी.

कायद्यातील एक विसंगती येथे विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. रुग्णसेवा करताना परिचारिकेला क्षयासारख्या रोगाचा संसर्ग झाला, तर १९२३ च्या कामगार भरपाई कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीनुसार तो व्यवसायजन्य रोग ठरू शकत होता. त्याच वॉर्डात, त्याच कामामुळे तिचे मन मोडले, तर त्या यादीत त्याला स्थान नव्हते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू करण्यात आलेल्या श्रमसंहितांनी जुने कायदे मोडीत काढले. ही उणीव मात्र भरून काढली नाही. फुप्फुसाची इजा मान्य, मनाची अमान्य, हा भेद शास्त्राच्या कसोटीवर टिकणारा नाही. तो केवळ मालकाच्या सोयीचा आहे.

म्हणून मागण्या नेमक्या असल्या पाहिजेत. खाटांच्या नव्हे, तर प्रत्यक्ष येणाऱ्या रुग्णांच्या संख्येवर तातडी विभागातील पदे ठरवावीत. रिक्त पदे कायम स्वरूपात भरावीत. सलग रात्रपाळ्यांवर मर्यादा घालून दोन पाळ्यांत १२ तासांची विश्रांती बंधनकारक करावी. मोठ्या दुर्घटनेनंतर त्या पाळीतील परिचारिकांना पगारी विश्रांती व गोपनीय मानसोपचार मिळावा आणि त्याची नोंद बढतीच्या आड येऊ नये. पाळणाघर, सुरक्षित विश्रांतिकक्ष व रात्रीच्या वाहनाची सोय व्हावी. कामातून उद्भवलेल्या मानसिक विकाराला व्यवसायजन्य रोगाचा दर्जा मिळावा. आणि भारताने करार क्रमांक १४९ ला मान्यता द्यावी.

या मागण्या एकट्या परिचारिकांच्या संघटनेने रेटून पदरात पडणार नाहीत. त्यांच्या संपाला नेहमी रुग्णांच्या हालांचा धाक दाखवला जातो. तो धाक निष्प्रभ करण्याची शक्ती रुग्णाच्याच वर्गात, म्हणजे कामगारांत आहे. भिलाई परिसराने याचा दाखला पूर्वीच दिला आहे. कारखान्याला लोहखनिज पुरवणाऱ्या दल्ली राजहरा येथे जून १९७७ च्या गोळीबारात बळी पडलेल्या ११ जणांच्या स्मरणार्थ खाणकामगारांनी १९८३ साली स्वतःच्या वर्गणीतून व श्रमातून शहीद रुग्णालय उभारले. शुश्रूषेचे काम शिकून ते करणाऱ्यांमध्ये कामगार कुटुंबांतील स्त्रिया होत्या. त्या चळवळीशी राजकीय मतभेद असणाऱ्यांनीही हे मान्य केले पाहिजे की, तेथे रुग्ण आणि परिचारिका एकमेकांसमोर उभे नव्हते. ते एकाच बाजूला होते.

झोतभट्टीवरील सुरक्षेची मागणी करणाऱ्या प्रत्येक संघटनेने आपल्या मागणीपत्रात रुग्णालयातील पाळ्यांचे कलम घातले पाहिजे. कारण भट्टीपाशी अपघात घडला की कामगाराचा जीव वाचेल की नाही, हे त्या रात्री अपघात विभागात किती परिचारिका आहेत आणि त्या किती थकलेल्या आहेत यावरही ठरते. आणि ज्या पक्षसभासदांच्या पत्नी, बहिणी वा सुना या व्यवसायात आहेत, त्यांनी सभेत ठराव मांडून थांबू नये. रात्रपाळीहून परतलेल्या स्त्रीला सलग सहा तास झोप मिळावी यासाठी घरातील चूल व मुले सांभाळणे, हेही वर्गबंधुत्वाचेच काम आहे. त्यासाठी कोणत्याही सरकारच्या मंजुरीची वाट पाहावी लागत नाही.