नस्तीबद्ध

'तक्रारीत तथ्य आढळून आले नाही. सबब प्रकरण नस्तीबद्ध करण्यात येत आहे.'

दोन ओळी. खाली सही, सहीखाली शिक्का. सरकारी हापिसात जातीचा जाच सोसणारा आपला माणूस एक दिवस धीर करून अर्ज देतो, सहा महिने हेलपाटे घालतो, आणि शेवटी हा कागद हातात घेऊन वस्तीत परत येतो.

नस्ती म्हणजे फाईल. नस्तीबद्ध म्हणजे फाईलीत बांधून टाकलं. गावाने आपल्याला गावकुसाबाहेर बांधून ठेवलं होतं, हापिस आपली तक्रार लाल फितीत बांधून ठेवतं. दोरी तीच आहे, फक्त रंग दिलाय.

दोस्तहो, मी सरकारी नोकर नाही. गिरणीतला आहे, रातपाळीचा. शाळा अर्ध्यावर सुटली. कायदा शिकलो तो फुटपाथवरच्या जुन्या पुस्तकांतून आणि दुसऱ्यांच्या कागदांतून. वस्तीतली शिकलेली, नोकरीला लागलेली माणसं असे कागद आणून दाखवतात. मी वाचून मान वर करेपर्यंत तीच म्हणतात, 'जाऊ दे. फेटाळली.'

माझं भांडण साहेबाशी आहेच. पण आज भांडायचंय ते या 'जाऊ दे'शी.

फेटाळली कुणी? ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याच्या शेजारच्या खुर्चीने. साक्षी कुणाच्या घेतल्या? त्याच साहेबाच्या हाताखालच्या बाबूंच्या, ज्यांची रजा त्याच्या सहीने मंजूर होते. मग 'तथ्य' सापडणार कसं? विहिरीच्या मालकालाच विचारायचं, पाणी बाटलं का रे? आणि तो जे बोलेल ते निकाल म्हणून कपाळाला लावायचं!

बडोदा आठवा. १९१७ साल. कोलंबिया विद्यापीठात शिकून, लंडनमध्ये अभ्यास करून आलेले बाबासाहेब बडोदे सरकारच्या नोकरीत रुजू झाले. चपराशी फाईली लांबून टाकायचे. हापिसात प्यायला पाणी मिळायचं नाही. राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेतून काठ्या घेऊन आलेल्यांनी बाहेर काढलं. त्यांनी महाराजांना लिहिलं. महाराजांनी कागद दिवाणाकडे पाठवला. दिवाण म्हणाले, मला काही करता येणार नाही.

बस. प्रकरण नस्तीबद्ध. सरकारी नोकराची जातीच्या जाचाची तक्रार, वरिष्ठाने हात झटकून फेटाळलेली. दिवाणाच्या वर दुसरं दार नव्हतं. बाबासाहेब नोकरी सोडून मुंबईला आले.

पण गप्प बसले नाहीत. जे दार नव्हतं ते त्यांनी पुढे राज्यघटनेत बसवलं. कलम १६, सरकारी नोकरीत जातीवरून भेदभाव नाही. कलम १७, अस्पृश्यता नष्ट. आणि नुसते हक्क लिहून थांबले नाहीत. हक्क मोडला तर सुप्रीम कोर्टात जायचं कलम ३२, हायकोर्टात जायचं कलम २२६. कलम ३२ ला त्यांनी घटनेचा आत्मा म्हटलं, ते उगाच नाही. दिवाणाचा शब्द शेवटचा नसावा, एवढाच त्याचा अर्थ. आणि आपण काय करतो? दार उघडं असताना दिवाणाच्याच उंबऱ्यावरून माघारी फिरतो. वर घरात त्यांचा फोटो लावतो.

आता कुणी फाईल लांबून फेकत नाही. आता फाईल देतच नाहीत. टपालाच्या टेबलावर बसवतात. जिल्ह्याच्या टोकाला बदली. गोपनीय अहवालात शेरा घसरवतात, म्हणजे प्रमोशनच्या वेळी माणूस आपोआप गळतो. साहेब हसून विचारतो, 'आता कुठं राहिली जात?' अरे, तुझ्या शेऱ्यात राहिली!

म्हणून पहिली गोष्ट. 'मला त्रास दिला' एवढंच लिहू नका. त्रास कोणत्या कागदातून दिला ते धरा. बदलीचा आदेश, गोपनीय शेरा, रोखलेली वेतनवाढ, डावललेलं प्रमोशन. हवेतली तक्रार हवेत उडते, आदेशाला धरलेली तक्रार ट्रिब्युनलात उभी राहते. शेरा लपवून ठेवला असेल तर २००८ साली देवदत्त खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलंय, गोपनीय अहवालातली प्रत्येक नोंद नोकराला कळवलीच पाहिजे.

दुसरी गोष्ट. चौकशीचा अहवाल, जबाब, आतल्या टिपण्या मागा. माहितीचा अधिकार २००५ पासून आहे. तीस दिवसांत उत्तर नाही तर पहिलं अपील. तथ्य नाही म्हणता, तर तथ्य शोधायला कुणाला विचारलं ते दाखवा. कारणं न देता फेटाळलं असेल तर तो मुका आदेश. कायद्याला बोलका आदेश लागतो. १९९० साली घटनापीठाने एस. एन. मुखर्जी खटल्यात तेच म्हटलं. आणि १९७७ च्या मोहिंदरसिंग गिल खटल्यापासून हेही ठरलंय, की आदेशात नसलेली कारणं मागाहून प्रतिज्ञापत्रात घुसडता येत नाहीत. म्हणजे तो दोन ओळींचा कागद आपला पराभव नाही. तो त्यांच्या हातून सुटलेला पुरावा आहे.

तिसरी गोष्ट, आणि इथंच आपली माणसं मरतात. मुदत. तक्रार केली म्हणून उलट 'शिस्तभंग' लावून शिक्षा दिली, तर केंद्राच्या १९६५ च्या सेवा नियमांप्रमाणे अपिलाला ४५ दिवस. पुढे १९८५ च्या कायद्याचं प्रशासकीय न्यायाधिकरण, आपलं ट्रिब्युनल. केंद्राच्या नोकरांचं वेगळं, राज्याच्या नोकरांचं १९९१ पासून वेगळं. तिथं जायच्या आधी खात्यातलं अपील किंवा निवेदन संपवावं लागतं. अंतिम आदेश मिळाल्यापासून एक वर्ष. उत्तरच आलं नाही तर सहा महिने वाट बघायची, तिथून पुढे एक वर्ष. जिल्हा परिषद, नगरपालिका यांचे रस्ते वेगळे. आधी विचारून घ्या.

आपण काय करतो? निवेदन. मग स्मरणपत्र. मग मंत्र्याला निवेदन, पुढाऱ्याबरोबर फोटो, पुन्हा स्मरणपत्र क्रमांक पाच. साहेब गालात हसतो, कारण त्याला माहीत असतं: १९८९ साली एस. एस. राठोड खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगून टाकलंय, निवेदनावर निवेदन दिल्याने मुदत वाढत नाही. उशीर माफ होऊ शकतो, पण त्याला सबळ कारण लागतं, आणि 'पुढारी म्हणाले बघतो' हे कारण होत नाही.

आयोगाकडे जाऊ म्हणता? जरूर जा. कलम ३३८ चा अनुसूचित जाती आयोग साहेबाला बोलावू शकतो, कागद मागवू शकतो. पण आयोग स्थगिती देऊ शकत नाही, हे १९९६ पासून ठरलेलं आहे. आयोगाच्या भरवशावर ट्रिब्युनलची मुदत घालवू नका. चारचौघांत जातीवरून शिवी दिली असेल तर तो १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे, खात्याच्या 'तथ्य नाही'ने पोलीस ठाण्याचं दार बंद होत नाही. ट्रिब्युनलात हरलात तर हायकोर्ट आहे. १९९७ च्या चंद्रकुमार निकालाने ते दार पक्कं केलंय.

आता आपल्यातलेच दोघं उठतील. एक पांढरपेशा म्हणेल, 'पोरंबाळं आहेत, नोकरी सांभाळ.' दादा, ती नोकरी तुमच्या एकट्याची नाही. तिच्या मागे महाडच्या तळ्यावर डोकी फोडून घेतलेली माणसं आहेत. तुम्ही खाली मान घातली की उद्या त्या टेबलावर येणाऱ्या पोरीची मान आधीच वाकवून ठेवता.

दुसरा आपला जहाल दोस्त. म्हणेल, 'कोर्टकचेरी म्हणजे त्यांच्याच दरबारात भीक. रस्त्यावर या.' रस्त्यावर मीही आहे, दोस्ता. पण १९२८ सालचा मुंबईचा गिरणी संप बघ. विणकाम खात्यात अस्पृश्याला घेत नव्हते. कांडी बदलली की धोट्यातून धागा तोंडाने ओढावा लागे, आणि आपल्या तोंडाचा धोटा बाकीच्यांना चालत नव्हता. संप मोठा, झेंडा लाल, पण हा जाच मागण्यांच्या यादीत नव्हता. बाबासाहेबांनी अडून बसून तो यादीत घालायला लावला. लिहिल्याशिवाय मागणी नसते. रस्त्यावरची घोषणा संध्याकाळी विरते, पोच घेतलेला अर्ज वीस वर्षांनी बोलतो.

जिंकालच असं मी म्हणत नाही. तारखा पडतील, वर्षं जातील. पण साहेबाला शपथेवर उत्तर द्यावं लागेल. पुढच्या वेळी शेरा मारताना त्याचं पेन अडखळेल.

म्हणून चळवळीतल्या पोरांना सांगणं आहे. प्रत्येक विहारात रविवारी एक टेबल मांडा. एक वही ठेवा. कुणाचा आदेश कधी आला, मुदत कधी संपते, पुढचा कागद कुणी लिहायचा, एवढंच त्या वहीत. ट्रिब्युनलात अर्जदाराला स्वतः उभं राहता येतं. वकिलाला पैसे नसतील तर त्याच्या मागच्या बाकावर आपण दहाजण बसू. जयंतीच्या मंडपाला वर्गणी काढतो, तशी एका अपिलाला काढा.

ज्याच्या घरी असा दोन ओळींचा कागद ट्रंकेत पडलाय, त्याने तो आज बाहेर काढावा. तारीख बघावी. दिवस मोजावे.

जय भीम.