दयेला विद्येची जोड

आपल्या अज्ञानाची लाज वाटावी असे प्रसंग माणसाच्या आयुष्यांत पुष्कळ येतात. परंतु आपल्या दयेचीच लाज वाटावी असा प्रसंग विरळा. माझ्यावर तो एकदां आला आहे, आणि तो सांगितल्यावांचून आजचा विषय वाचकांपुढें नीट मांडतां यावयाचा नाहीं.

सहा वर्षांपूर्वींची गोष्ट. वैशाखाचे दिवस होते. रात्रीं वळवाची सर येऊन गेली होती. सकाळीं माझ्या नातवानें परसांतल्या जास्वंदीखालीं पडलेलें बुलबुलाचें एक पिलूं ओंजळींत धरून ओटीवर आणलें. पिसें अर्धवट फुटलेलीं, चोंच वासलेली, अंग गार पडलेलें. मुलांस संस्कृत शिकविण्यांत ज्याचा जन्म गेला, त्या माझ्यासारख्याला अशा वेळीं कण्वाचा आश्रम आठवला नसता तरच नवल! दर्भानें तोंड चिरलेल्या हरिणाच्या पाडसाला शकुंतलेनें इंगुदीचें तेल लावलें, सांव्याचे दाणे मुठीनें भरवून त्याला वाढविलें, हा भाग मीं वर्गांत किती वेळां रंगवून सांगितला असेल! मीं लगेच आज्ञा सोडली: कोमट दूध आणा, कापसाचा बोळा आणा. घरांतील लहानथोर सारीं भोंवतीं जमलीं. ज्यानें त्यानें पिलाच्या पाठीवरून हात फिरविला. बोळ्यानें थेंब थेंब दूध त्याच्या चोंचींत पिळलें. दिवेलागणीपूर्वींच त्यानें मान टाकली.

तुळशीमागें त्याला पुरतांना नातू म्हणाला, "आजोबा, त्याची आई सकाळभर तारेवर बसून ओरडत होती. आपण तिलाच कां नाहीं देऊन टाकलें?" मीं शिक्षकी थाटांत सांगितलें कीं, माणसाचा हात लागला म्हणजे पक्षीण पिलाला जवळ करीत नाहीं. मुलगा गप्प बसला. तें उत्तरहि चुकीचें होतें, हें मला यंदा समजलें.

समजण्यास कारण झाली आमच्या धाकट्या बंधूंची नात. पशुवैद्यकाचा साडेपांच वर्षांचा अभ्यासक्रम पुरा करून ती घरीं आली, तेव्हां आतां ही एखादा दवाखाना काढील, अशी सर्वांची अपेक्षा. पण तिनें जेवणाच्या पंक्तींतच सांगून टाकलें कीं, जखमी वन्यप्राण्यांच्या शुश्रूषेचें शिक्षण घेण्यास आपण आणखी एक वर्ष जाणार. तिची आजी वाढतां वाढतां थांबली. "अगो, एवढें शिकून शेवटीं घुबडांना उंदीर भरवायचे? आणि तेंहि आपल्या घरांतल्या मुलीनें?" मीहि आजीचीच री ओढली. "जखमेला मलम लावावें, पोटाला घालावें, बरें झालें कीं सोडावें. यांत वर्षभर शिकण्यासारखें आहे काय?"

"आजोबा," ती म्हणाली, "तुमचें बुलबुल कशानें गेलें, सांगूं का?" आणि तिनें जें सांगितलें, त्यानें माझा घास घशांत अडकला. पक्ष्याचें पिलूं दुधावर वाढणारें नव्हेच. दूध त्याला पचत नाहीं. पक्ष्याच्या श्वासनलिकेचें तोंड जिभेच्या मुळाशींच असतें. वरून पिळलेला थेंब पोटांत न जातां फुफ्फुसांत उतरतो. गारठलेल्या जिवाला प्रथम ऊब द्यावयाची, नंतर पाणी, आणि सर्वांत शेवटीं अन्न. आम्ही हा क्रमच उलटा केला. दहा जणांचे मायेचे हात त्याच्या दृष्टीनें दहा शिकाऱ्यांचे पंजे होते. आणि सर्वांत मोठी चूक ही कीं, तें पोरकें नव्हतेंच. पिलाला माणसाचा वास लागला म्हणून पक्षी त्याला टाकीत नाहींत. घरट्यांत किंवा जवळच्या फांदीला बांधलेल्या लहानशा परडींत तें ठेवून आपण दूर झालों असतों, तर आईनें त्याला बहुधा चारा भरविला असता.

मग मात्र मी विद्यार्थ्याच्या भूमिकेंतून तिला विचारूं लागलों. जें कळलें तें आमच्या घरापुरतें ठेवण्यासारखें नाहीं.

या कामाला आज वन्यजीव-पुनर्वसन म्हणतात. जखमी, आजारी वा पोरक्या झालेल्या रानच्या प्राण्याला बरें करून पुन्हा रानांत स्वतःच्या बळावर जगण्याजोगें करणें, हा त्याचा अर्थ. प्राण्यांवर उपचार करणें आपल्या देशास नवें नाहीं. पालकाप्याचा हस्त्यायुर्वेद व शालिहोत्राचें अश्वशास्त्र आपल्याकडे पूर्वींपासून आहेत. मुंबईस परळ येथें जनावरांचें रुग्णालय १८८३ सालीं निघालें, व दिल्लींत जैन समाजाचा पक्ष्यांचा दवाखाना १९२९ पासून चालू आहे. परंतु पाळीव जनावर बरें होऊन मालकाकडे जातें. रानचा जीव बरा होऊन कोणाकडेच जावयाचा नसतो. हा फरक लहान दिसला तरी सारें शिक्षण त्यांतून निघालें आहे.

अमेरिकेंत या विद्येची घडी प्रथम नीट बसली. तेथें या कामाची राष्ट्रीय संघटना १९८२ सालीं स्थापन झाली. पिंजरे केवढे असावेत, आजारी प्राणी निराळे कसे ठेवावेत, याचीं मानकें छापून प्रसिद्ध झालीं. स्थलांतरित पक्ष्यांची शुश्रूषा करावयाची तर तेथें मध्यवर्ती सरकारचा परवाना लागतो. तो मागणाराचें वय १८ वर्षांचें पुरें हवें, आणि निदान एका संपूर्ण वर्षाच्या अवधींत त्यानें १०० तास प्रत्यक्ष काम केलेलें हवें. त्यांपैकीं फार तर २० तास व्याख्यानांचे चालतात. उरलेले ८० हातानेंच करावयाचे. शिवाय हा अनुभव ज्या जातीच्या पक्ष्यांचा, त्यांपुरताच तो धरला जातो. बदकांवर हात बसला म्हणून ससाण्याला हात लावावयाचा नाहीं. आम्हां शिक्षकांना या हिशेबांतून पुष्कळ घेण्यासारखें आहे.

आपल्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें रानचे पशुपक्षी घरांत बाळगण्यास बंदी केली, देशी पोपटहि त्यांत आला. परंतु शुश्रूषा करणाराच्या शिक्षणाचें असें माप कायद्यानें घालून दिलेलें नाहीं. तरी शिकण्याच्या जागा वाढत आहेत. डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था १९८२ पासून काम करीत आहे. नागपूरनजीक गोरेवाडा येथें पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचें वन्यजीव संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. आसामांत काझीरंगाजवळ २००२ सालीं निघालेल्या केंद्रांत ब्रह्मपुत्रेच्या पुरांत आईपासून तुटलेलीं गेंड्यांचीं वासरें बाटलीच्या दुधावर वाढवितात, आणि २००६ पासून तीं मानसच्या अरण्यांत नेण्यास आरंभ झाला. तेथें त्यांना पुढें स्वतःचीं पिल्लें झालीं. आपल्या जुन्नर तालुक्यांत माणिकडोह येथें बिबट्यांचें निवारा केंद्र आहे. त्या भागांत ऊसतोडीच्या वेळीं बिबट्याचे बछडे फडांत सांपडतात. पूर्वीं असे बछडे उचलून नेले कीं कायमचे पिंजऱ्यांत राहत. आतां वनखात्याचे लोक व वैद्य त्यांना तपासून संध्याकाळीं त्याच जागीं ठेवतात आणि दूर राहून पाहतात. बहुधा त्या रात्रींच मादी येऊन पिलें उचलून नेते. केव्हां हात लावूं नये, हें ओळखणें हा या विद्येचा पहिला धडा होय.

दुसरा धडा अन्नाचा. घारीच्या किंवा घुबडाच्या पिलाला नुसतें मऊ मांस घातलें, तर हाडांतून मिळणारा चुना त्याला मिळत नाहीं. हाडें लवचीक होऊन वांकतात आणि तें जन्माचें पंगू होतें. त्याला भक्ष्य हाडांसकटच द्यावें लागतें. हें ऐकून आजीनें तोंड फिरविलें, तेव्हां मुलगी शांतपणें म्हणाली, "आजी, मी शाकाहारी आहें आणि राहीन. पण घुबडाला दूध-पोळी घालून मारणें हें माझें सोंवळें नव्हे." आजीनें यावर उत्तर दिलें नाहीं, मात्र तिच्या पानांत भात वाढला.

तिसरा धडा सर्वांत अवघड. ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ कोनराड लोरेंत्स यांनीं १९३५ सालीं दाखवून दिलें कीं, अंड्यांतून निघालेलीं हंसकुळांतील पिलें प्रथम जो हालता जीव पाहतात, त्यालाच आई मानून त्याच्या मागें लागतात. माणसाच्या हातांत वाढलेलें पिलूं माणसालाच आपलें समजूं लागलें, तर सुटल्यावर तें पहिल्या शिकाऱ्याच्या वा कुत्र्याच्या तोंडीं जातें. म्हणून कॅलिफोर्नियाच्या कॉन्डॉर गिधाडांचीं पिलें वाढवितांना, गिधाडाच्या डोक्यासारखा हातमोजा घालून, स्वतः आडोशाला राहून त्यांना भरविण्याची रीत पडली. १९८७ सालीं हे पक्षी साऱ्या जगांत २७ उरले होते. त्यांतून ते पुन्हा आकाशांत गेले. शिकणाराला सांगितलेलें असतें: पिलाशीं बोलूं नका, त्याला नांव ठेवूं नका, कुरवाळूं नका.

हें ऐकतांना मला भागवतांतला भरत राजा आठवला. राज्य सोडून गंडकीच्या तीरीं तप करणाऱ्या त्या राजर्षीनें सिंहाच्या गर्जनेनें भ्यालेल्या हरिणीचें प्रवाहांत पडलेलें पाडस वांचविलें. इथवर तो पुण्यवान. पण पुढें त्याचें चित्त त्या पाडसांतच गुंतलें, आणि मरतांना त्याचाच ध्यास राहून पुढचा जन्म हरिणाचा आला. हें आख्यान मी आजवर केवळ वैराग्याचें समजत होतों. आतां वाटतें, प्राण वांचविणें आणि आपलासा करणें या दोन गोष्टी निराळ्या आहेत, एवढेंच व्यासांना सांगावयाचें असेल.

एका गोष्टीला मात्र माझें मन अजून वळत नाहीं. ज्या पक्ष्याला स्वतः खातां येत नाहीं, सरळ बसतां येत नाहीं, त्याला वेदनारहित मरण द्यावें, असें त्या अमेरिकन परवान्याच्या अटींत कर्तव्य म्हणूनच सांगितलें आहे. मीं तिला विचारलें, "तुझा हात धजेल?" ती बराच वेळ बोलली नाहीं. मग म्हणाली, "धजूं नये असेंच वाटतें. पण अंधाऱ्या पिंजऱ्यांत त्याला वर्षानुवर्षें तडफडत ठेवणें ही दया कोणासाठीं? त्याच्यासाठीं कीं माझ्यासाठीं?" या प्रश्नाचें उत्तर मजपाशीं नाहीं, वाचकांनींहि तें घाईनें देऊं नये.

या मार्गांत अर्थप्राप्ति बेताची, धोका खराच. माकड, वटवाघूळ हाताळावयाचें तर पिसाळरोगाची लस आधींच टोंचून घ्यावी लागते, आणि नुसत्या उत्साहावर साप धरणाऱ्या तरुणांचे प्राण गेल्याच्या बातम्या आपण वाचतोंच. पण म्हणूनच ज्या घरीं असें मूल असेल, तेथें त्याला 'वेडगळ' न म्हणतां 'शिकून कर' असें म्हणावें, एवढी माझी वडीलधाऱ्यांस विनंती आहे. आणि जें घरीं शिकणें शक्य आहे तें सर्वांनींच शिकावें: जखमी पक्षी सांपडल्यास हवेला भोंकें पाडलेल्या खोक्यांत, कापडावर, काळोखांत व शांततेंत ठेवावा, दूध-पाणी कांहीं घालूं नये, आणि वनखात्यास किंवा जवळच्या केंद्रास लगेच कळवावें.

आमची मुलगी ज्येष्ठांत गेली. निघतांना आजीनें दही हातावर घातलें व एक जुनें मऊ लुगडें फाडून त्याचे तुकडे पिशवींत भरले. "खोक्यांत घालायला होतील," एवढेंच ती म्हणाली.

तत्पूर्वीं वैशाखांत जास्वंदीखालीं पुन्हा एक पिलूं पडलें होतें. या वेळीं नातवानें परडी बांधली, पिलूं त्यांत ठेवलें, आणि आम्ही सर्व दार लोटून आंत बसलों. पाऊण तास घरांत कोणी मोठ्यानें बोललें नाहीं. मग खिडकीच्या फटींतून दिसलें: पक्षीण परडीच्या काठावर बसली होती आणि तिच्या चोंचींत अळी होती.