बिघडलेली करंजी कुणाची?

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात राहुरी तालुक्यातल्या एका गटाची बैठक होती. विषय ठरला होता रेशनचा. पण निम्म्या बायका ख्रिस्ती वस्तीतल्या, आणि नाताळ तोंडावर आलेला. तेलाच्या भावावरून बोलणं फराळावर कधी आलं ते कळलंच नाही. मी सहज विचारलं, "नाताळच्या स्वयंपाकात कुणाची कधी फजिती झाली का?"

मग काय विचारता! एकीनं शंकरपाळ्यात साखरेऐवजी मीठ घातलं होतं. दुसरीच्या चकलीत मोहन जास्त झालं, सगळी चकली तेलात विरघळली. तिसरीचे अनारसे असे हसले की कढईत नुसता चुरा उरला. बायका पोट धरून हसत होत्या. तेवढ्यात कोपऱ्यात बसलेल्या एक मावशी म्हणाल्या, "माझी करंजी तेलात फुटली होती. तीस वर्षं झाली. सासूबाई मरेस्तोवर येईल-जाईल त्याला सांगायच्या, हिच्या हातची करंजी तेलात उघडती." आम्ही पुन्हा हसणार, तेवढ्यात त्या पुढं म्हणाल्या, "आठवा महिना होता मला. पहाटे तीनपासून उभी होते. ते कुणाच्या ध्यानात नाही राहिलं. करंजी राहिली."

हसणं थांबलं. त्या दिवशी रेशनचा विषय राहूनच गेला. या वेळचं संपादकीय मी त्या करंजीवर लिहिते आहे.

आपल्या अंकाच्या सगळ्याच वाचक मैत्रिणींना नगर जिल्ह्यातला नाताळ माहीत असेल असं नाही, म्हणून थोडं सांगते. नाताळ म्हटलं की सिनेमात दिसणारं भाजलेलं टर्की आणि वाइनचे पेले डोळ्यांपुढे येतात. आमच्याकडे असलं काही नसतं. अहमदनगरला, म्हणजे २०२४ पासूनच्या अहिल्यानगरला, अमेरिकन मराठी मिशनचं काम सुरू झालं १८३१ मध्ये. पुढं राहुरी, श्रीरामपूर, संगमनेर, नेवासा अशा तालुक्यांतून गावोगाव ख्रिस्ती कुटुंबं झाली. त्यातली बहुतेक महार आणि मांग समाजांतली. धर्म बदलला, पण चूल, पाटा-वरवंटा आणि जिभेची चव तीच राहिली. त्यामुळे आमच्या नाताळला करंजी, चकली, शंकरपाळे, रव्याचे लाडू असा दिवाळीचाच फराळ असतो, फक्त दोन महिने उशिरा. पंचवीस तारखेला उपासनेहून आल्यावर मटणाचा रस्सा, बाजरीची नाहीतर ज्वारीची भाकरी आणि भात. आणि या सगळ्यात पाहुण्यासारखा येऊन बसलेला केक.

त्या केकचीच माझी एक गोष्ट आहे. साल १९७४. मी दहा वर्षांची. दुष्काळ संपून वर्ष उलटलं होतं, पण मिलो ज्वारीची आणि सुकडीची चव अजून तोंडातून गेली नव्हती. साखर रेशनची. आईनं महिनाभर आमच्या चहातली साखर वाचवून डब्यात ठेवली होती. अंडी घरच्या कोंबड्यांची. ओव्हन कुठला? पितळी पातेल्यात वाळू तापवायची, तिच्यावर केकचं भांडं ठेवायचं, झाकणावर निखारे. यात सगळं लक्ष निखाऱ्यांवर हवं. वरचे विझले तर वरून कच्चा, खालचा जाळ वाढला तर तळाशी करपलेला.

आई शाळेत शिक्षिका होती. नगरच्या मुलींच्या शाळेत शिकलेली, हिशेबाला पक्की. केकचं सगळं प्रमाण तिनं वहीत लिहून ठेवलं होतं. पण त्या संध्याकाळी वडिलांबरोबर पाहुणे आले, आधी काहीही न कळवता. आई चहाला उठली. मग आणखी दोघे आले, पुन्हा चहा. मग पाळकसाहेब आले, तिसऱ्यांदा चहा. केक व्हायचा तोच झाला, वरून चिकट आणि खालून कोळसा. वडिलांनी तो बाहेर मागवला, उलटा करून पाहुण्यांना दाखवला आणि म्हणाले, "आमच्या हिला साठ पोरांचा वर्ग सांभाळता येतो, एक केक नाही सांभाळता येत." सगळे हसले. आई दारात उभी होती. मैत्रिणींनो, आज सांगायला लाज वाटते, पण मीही हसले.

चव घराण्याची आणि चूक बाईची, असा हा हिशेब आहे. करंजी खुसखुशीत झाली की "आमच्या घरची करंजी". फुटली की "हिच्या हातची करंजी". रस्सा जमला की "आमच्या आईची पद्धत", खारट झाला की "आज हिचं लक्ष कुठं होतं?" स्वयंपाक का बिघडतो याची कारणं कुणी विचारत नाही. करंजीची कड मिटायची तर बोटं मोकळी हवीत, पीठ वाळण्याआधी हात चालायला हवा. एकटी बाई लाटते, भरते, कातते, तळते, मधेच मूल घेते, मधेच दार उघडते. अशा वेळी एखादी कड राहणारच. आणि एक फुटली की सारण तेलात पसरतं, जळतं, सगळा घाणा काळा पडतो. मग तेलही वाया, आणि वर बोलणीही.

केंद्र सरकारनं २०२४ मध्ये वेळेच्या वापराची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटं देतात आणि पुरुष ८८ मिनिटं, असं त्यात निघालं. हा आकडा नीट वाचा. मुळात घरकामाला हात लावतात त्या पुरुषांची ही सरासरी आहे. जे हातच लावत नाहीत, ते या ८८ मिनिटांत मोजलेलेही नाहीत. आणि ही झाली रोजची गोष्ट. सणाच्या आठवड्याची मिनिटं कोण मोजणार?

पुरुषांना स्वयंपाक येत नाही असं मात्र नाही. मंडळीचं प्रीतिभोजन असलं की मंदिराच्या आवारात मोठाली पातेली चढतात आणि त्यांच्याभोवती कंबर बांधून पुरुषच असतात. मटण शिजवतात, भात घालतात, चव बघतात. कांदा चिरायला, लसूण सोलायला आणि नंतर भांडी घासायला बायका. घरात चुलीपाशी बाई आणि मांडवात कढईपाशी पुरुष, हे आपण लग्नाकार्यातही बघतो. तिथंही कधी भात खाली लागतो. पण घरात भात लागला तर बाईचं लक्ष नव्हतं, आणि मांडवात लागला तर लाकडं ओली होती!

बैठकीत एक ऊसतोड करणारी मैत्रीणही होती, पाथर्डीकडून इकडे दिलेली. ती म्हणाली, "आमचं जमलंही नाही आन् बिघडलंही नाही. पंचवीस तारखेला आम्ही फडातच." गळीत हंगाम ऐन भरात असतो तेव्हा नाताळ येतो. दिवसभर ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, संध्याकाळी कोपीपुढं तीन दगडांवर कोंबडीचा रस्सा करायचा. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो. मुकादमाच्या वहीत जिच्या मजुरीचं वेगळं नाव नाही, तिच्या रश्श्याची दखल कुठल्या वहीत असणार?

आता दुसऱ्या एका फजितीबद्दल बोलायला हवं, आणि ते बोलणं जड जातं. फराळ झाला की आई ताटं भरायची, वर विणलेला रुमाल घालायची आणि शेजारीपाजारी पाठवायची. ताट पोचवण्याचं काम माझं. काही घरी मावश्या हसून ताट घ्यायच्या, माझ्यासमोर करंजीचा तुकडा मोडून तोंडात टाकायच्या आणि रिकामं ताट देऊ नये म्हणून मूठभर साखर घालून परत करायच्या. एका घरी मात्र ताट ओट्यावरच ठेवायला सांगत. त्यातलं सगळं गोठ्यात जायचं, हे मला बऱ्याच वर्षांनी कळलं. आईची करंजी त्या वर्षी पाकळीसारखी सुटली होती. एकही फुटली नव्हती. तरी त्या ओट्यावर ती बिघडलेलीच ठरली. बाप्तिस्म्यानं जात गेली असं मिशनऱ्यांनी सांगितलं, १९५० च्या अनुसूचित जातींच्या आदेशानं सवलतींच्या बाबतीत सरकारनंही तेच धरलं, पण ओट्याला ते कुणी सांगितलं नाही. आणि खरं बोलायचं तर आमच्या मंडळ्यांमधूनही कोण कुणाच्या पंगतीला बसतं, सोयरीक कुठं करतं, यात जुनी जात डोकावतेच.

या जागी लक्ष्मीबाई टिळकांची आठवण येते. त्यांचा संसार याच नगरात आणि राहुरीत झाला. १८९५ मध्ये नवऱ्यानं ख्रिस्ती धर्म घेतला, तेव्हा त्या काही वर्षं वेगळ्या राहिल्या. परत एकत्र आल्यावरही सुरुवातीला सोवळं पाळून स्वतःची चूल वेगळी ठेवत होत्या. १९०० मध्ये त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. पण त्याआधीच, नुसत्या नवऱ्याच्या सांगण्यावरून नव्हे तर आपलं आपण विचार करून, त्यांनी जात मनातून काढली होती. सगळ्यांच्या हातचं खायचं हे त्यांनी स्वतः ठरवलं. १९३४ पासून भागाभागानं आलेल्या 'स्मृतिचित्रे'मध्ये त्यांनी हे सारं लिहिलं, आणि स्वतःच्या फजित्याही मोकळेपणानं सांगितल्या. आपल्या फजितीची गोष्ट आपण सांगितली की तिच्यावरची दुसऱ्याची मालकी सुटते. त्या कोपऱ्यातल्या मावशींनी तीस वर्षांनी तेच केलं.

जमलेल्या स्वयंपाकाचीही एक गोष्ट सांगते. पूर्वी नाताळच्या आधी आमच्याकडच्या बायका मैदा, रवा, पिठीसाखर, डालडा घेऊन बाजारच्या गावी बेकरीच्या भट्टीवर जायच्या. भट्टीवाला किलोमागं भाजणावळ घ्यायचा. रांग मोठी, नंबर रात्री उशिरा लागायचा. तोवर बायका गोल करून बसायच्या, पीठ फेसायच्या, नानकटाई वळायच्या, आणि घरी जे बोलता येत नाही ते सगळं बोलायच्या. वर्षातली ही एकच रात्र, जेव्हा "कुठं चाललीस?" असं कुणी विचारत नसे. एकदा एका नव्या सुनेचा पूर्ण पत्रा जळाला. पोरगी रडकुंडीला आली. कुणी काही भाषण केलं नाही. प्रत्येकीनं आपल्या डब्यातल्या दहा-दहा नानकट्या काढून तिच्या डब्यात टाकल्या. डबा भरला. घरी कुणाला पत्ता लागला नाही.

आपल्या गटांचं काम यापेक्षा वेगळं काय असतं?

आता भट्टीवर जाणं कमी झालं. घरोघरी गॅस आला, केक विकत मिळतो, आणि बचत गटातल्या बायका नाताळच्या फराळाच्या ऑर्डरी घेतात. ही चांगलीच गोष्ट आहे. पण अशाच एका गटाचा हिशेब मी पाहिला. डाळ, तांदूळ, तेल, गॅस, पिशव्या, सगळं पैशापैशानं लिहिलेलं होतं. मी विचारलं, "आणि तुमची मजुरी?" त्या एकमेकींकडे बघायला लागल्या. विकायला बसल्यावरही आपला हात फुकट धरायची सवय गेलेली नव्हती. चकलीचा भाव ठरवताना पहिली ओळ मजुरीची लिहा, असं त्यांना सांगून आले. तुम्हालाही सांगते.

बैठकीनंतर घरी गेले. आई आता पंच्याऐंशीची आहे. तिला त्या केकबद्दल विचारलं. पन्नास वर्षांत पहिल्यांदाच. मी हसले होते तेही सांगितलं. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "प्रमाण बरोबर होतं गं माझं. चहा तीनदा करावा लागला."

तेव्हा मैत्रिणींनो, या नाताळला दोन-तीन गोष्टी करून बघू. करंज्या करायला सगळं घर बसवू, मुलगे आणि नवरे धरून. एखादी फुटली तर ती सगळ्यांची. पंचवीस तारखेला पंगत एकच करू, बायका मागून नाही. जिथं ताट ओट्यावर ठेवायला सांगतात, तिथं ते का, हे एकदा विचारू. आणि तुमच्या मनात सलत राहिलेली बिघडलेल्या पदार्थाची गोष्ट आम्हाला लिहून पाठवा. पदार्थाचं नाव नसलं तरी चालेल. त्या दिवशी तुम्ही किती वाजल्यापासून उभ्या होता, तेवढं मात्र जरूर लिहा.