सदऱ्याला शुल्क, गाठींना सूट

परदेशी गेलेल्या मुलाने बापासाठी सुती सदरा पाठवावा आणि तो सोडवून घेताना बापाने दारातच आयातशुल्क व कुरिअरवाल्याचा आकार मोजावा, हे आता बुलढाणा जिल्ह्यातही नवलाचे राहिलेले नाही. पाच हजार रुपयांपर्यंतच्या भेटवस्तूंची सवलत डिसेंबर २०१९ मध्ये गेली. उरली ती राखी आणि जीवरक्षक औषधांपुरती. भेटीच्या नावाखाली परदेशी विक्रेते माल खपवीत होते, हे कारण पटण्याजोगे आहे.

मग तोच न्याय कापसाला का नाही? परदेशी कापसावर २०२१ च्या अर्थसंकल्पाने ११ टक्के शुल्क बसवले. अमेरिकेने आपल्या मालावर ५० टक्के शुल्क जाहीर करताच, १९ ऑगस्ट २०२५ पासून ते माफ झाले. ३० सप्टेंबरची मुदत पुढे ३१ डिसेंबरपर्यंत वाढली. म्हणजे नेमकी वेचणीच्या हंगामात.

गिरण्या जगल्याच पाहिजेत. पण त्यांचा तोटा शेतकऱ्याच्या भावातून का भरून काढायचा? माफी द्यायचीच तर ती वेचणी आटोपल्यावर द्यावी. कापसासाठी १८७० साली ज्या खामगावात रेल्वे आली, तिथला शेतकरी भीक मागत नाही. सदऱ्यावर तो शुल्क भरतो. त्याच्या कापसालाही त्याच शुल्काचा आडोसा हवा.