हातभर मुशी

शार्क म्हटलं की लोकांना सिनेमातला जबडा आठवतो. आपल्या किनाऱ्यावरची मुशी पाहिली, तर हा दरारा जागीच ओसरेल. लांबी जेमतेम हातभर, नाक पसरट फावड्यासारखं, खाणं म्हणजे कोळंबी आणि बारीक मासळी. माणसाला हिच्यापासून काडीचा धोका नाही. मालवणीत हिला मोरी म्हणतात आणि वाटपात शिजवतात. कातडी इतकी खरखरीत, की आधी गरम पाण्यात बुडवून खरवडावी लागते.

बीएस्सीला प्राणिशास्त्र घेतलेल्यांना ही ‘स्कोलिओडॉन’ म्हणून फॉर्मॅलिनच्या वासासकट आठवत असेल. नाकाजवळच्या कातडीखालच्या, जेलीने भरलेल्या बारीक नळ्या काढून आम्ही काचपट्टीवर लावायचो. सावजाच्या अंगातली सूक्ष्म वीज मुशीला या नळ्यांमुळे कळते. किनाऱ्यालगतच्या गढूळ पाण्यात नुसत्या डोळ्यांवर भागत नाही. पुढे यूजीसीने विच्छेदनं बंद केली, ते बरंच झालं.

पण हिची खरी करामत पोटात आहे. हिचं अंडं जेमतेम एक मिलिमीटरचं; शार्कांमध्ये याहून लहान अंडं माहीत नाही. त्यात बलक जवळजवळ नसतोच. मग गर्भाने वाढायचं कशावर? आईवर! नाळ असते, वारही असते, आणि पाच-सहा महिने पोसून पिल्लं जिवंत जन्माला येतात. एका खेपेला सहा ते अठरा, प्रत्येक बोटभराहून थोडं मोठं. बाजारात गाभण मुशीचं पोट चिरलं की नाळेला लोंबणारी पिल्लं बाहेर येतात. मासा आहे, यावर विश्वास बसत नाही.

मोठे शार्क वयात यायला वर्षानुवर्षं घेतात. ही वर्ष-दोन वर्षांत विते. म्हणूनच ट्रॉलर आणि डोल जाळ्यांच्या माऱ्यात अजून टिकून आहे. तरी आययूसीएनने तिला ‘संकटाच्या उंबरठ्यावर’च्या यादीत घातलंय, आणि त्यात नवल नाही. जाळ्याला आई कळत नाही, पिल्लूही कळत नाही.

गिऱ्हाइकाला मात्र कळू शकतं. मादी साधारण दीड वितीची झाल्यावर वयात येते. तेव्हा मोरी जरूर खा, पण वाट्यात वीतभर पिल्लं दिसली तर ती घेऊ नका, आणि का घेत नाही ते कोळीणबाईंना सांगा.