शतावरी कल्पाआधी स्तन्यक्षयाचे निदान

'दूध पुरत नाही' अशी सूतिकेची तक्रार येताच आपण वैद्य शतावरी कल्प लिहून देतो; औषध विक्रेते तर तो चिठ्ठीवाचूनही देतात. भावप्रकाशाने शतावरीस स्तन्यकर म्हटले आहे व आमचाही तिच्यावर विश्वास आहे. तथापि संशोधनाचा कौल अद्याप एकमुखी नाही. 'इंडियन पेडिअ‍ॅट्रिक्स'मध्ये १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत शतावरीयुक्त औषधाचा लाभ दिसला नाही. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या ६० मातांवरील चाचणीत मात्र प्रोलॅक्टिनमध्ये लक्षणीय वाढ आढळली. इतक्या लहान चाचण्यांवरून ठाम निष्कर्ष काढणे आम्हांस योग्य वाटत नाही.

मुळात स्तन्यक्षयाचे निदान किती वेळा केले जाते? क्रोध, शोक व अवात्सल्य ही स्तन्यनाशाची कारणे सुश्रुतांनी सांगितली आहेत. बालक जितके चोखेल तितके दूध उतरते, हे आधुनिक विज्ञानही सांगते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) देशात ८८.६ टक्के प्रसूती संस्थांमध्ये झाल्या. परंतु पहिल्या तासात स्तनपान केवळ ४१.८ टक्के बालकांना मिळाले. ही उणीव कोणताही कल्प भरून काढणार नाही.

म्हणून प्रथम बालकाची स्तनावरील पकड, लघवीची वारंवारता व वजन पाहावे. मातेचा आहार व मनःस्थिती विचारावी. मगच कल्प द्यावा. त्यातील साखर लक्षात घेऊन मधुमेही मातेस शतावरी चूर्ण द्यावे. विक्रेतेबंधूंनीही अशा मातेस आधी वैद्यांकडे पाठवावे. प्रत्येक रुग्णेची नोंद ठेवल्यास उद्याच्या मोठ्या संशोधनाचा पाया आपल्याच चिकित्सालयांत घातला जाईल.