गडेजत्रा हा भूतबंगला नव्हे

फाल्गुन जवळ आला की साळच्या गडेजत्रेविषयी हल्ली काही चमत्कारिक चौकश्या कानी येऊ लागतात. भूत नेमके कोणत्या वेळी दिसते? कोठे उभे राहिले असता अधिक चांगले दिसते? गाडी कोठवर जाते? मोबाईलमध्ये चित्र उतरते काय? विचारणारे सगळेच परप्रांतीय असतात असे नाही. पुष्कळदा ते आपलेच, पणजी-म्हापशाकडचे किंवा नोकरीनिमित्त मुंबई-पुण्यास राहणारे असतात. यात वावगे ते काय, असे कोणी म्हणेल. प्रथमच जाणाऱ्याने चार गोष्टी विचारून जावे, हे आम्हांसही मान्य आहे. परंतु प्रश्नाच्या घडणीवरून विचारणाराचा भाव ओळखता येतो. हे प्रश्न देवाच्या जत्रेस निघालेल्या माणसाचे नाहीत. तिकीट काढून भूतबंगल्यात शिरू पाहणाऱ्या माणसाचे आहेत. आणि या प्रश्नांना त्याच भाषेत उत्तरे देणारे, जाहिरातीत आमच्या जत्रेस ‘गोव्याचे हॅलोवीन’ म्हणून मिरवू पाहणारे जे लोक आहेत, त्यांच्याशीच आमचा वाद आहे.

प्रथम हॅलोवीन म्हणजे काय ते पाहू. ३१ ऑक्टोबर ही ख्रिस्ती संतांच्या सणाची पूर्वसंध्या. १ नोव्हेंबर सर्व संतांचा आणि २ नोव्हेंबर मृतात्म्यांचा दिवस. आमचे ख्रिस्ती शेजारी त्या दिवशी आपल्या मृतांसाठी प्रार्थना करतात. महालयात आपण पितरांची आठवण करतो, तद्वतच ते आहे. त्यात थट्टा नाही की सोंग नाही. सोंगांचा बाजार उभा राहिला तो अमेरिकेत. तेथील ऑर्लँडो शहरी युनिव्हर्सल या चित्रपट-कंपनीच्या करमणूक-नगरीत, म्हणजे हल्ली ज्यास थीम पार्क म्हणतात तेथे, १९९१ साली अशा भयरात्रींना प्रारंभ झाला; २०११ पासून सिंगापुरातही त्या भरू लागल्या. तेथे जाणारा महिनोन्‌महिने आधी बेत करतो. दिवसाच्या तिकिटाहून रात्रीचे तिकीट वेगळे. रांगेत खोळंबायचे नसेल तर आणखी पैसे. तेरा वर्षांखालील मुलांना आणू नये, अशी सूचना कंपनीच देते. आतल्या अंधारात पगारी नट दबा धरून बसलेले असतात. ते अंगावर धावून येतात, पण माणसास शिवत नाहीत. दार ओलांडून बाहेर आले की भीती संपली. तिकिटात जेवढी विकत घेतली तेवढीच ती असते.

या खेळाचा आम्हांस द्वेष नाही. भीतीची गंमत मनुष्यास आवडते, ही गोष्ट आमच्या वाडवडिलांना ठाऊक नव्हती असे नव्हे. दशावतारी नाटकाच्या पूर्वरंगात काळा संकासुर रंगभूमीवर अवतरला की पुढे बसलेली मुले आईच्या पदराआड दडतात आणि पुन्हा हळूच डोकावतात. नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री गोव्यातील वाड्यावाड्यांवर अक्राळविक्राळ नरकासुर उभे राहतात आणि पहाटे जळतात. २०२४ साली तर नरकचतुर्दशी आणि हॅलोवीन दोन्ही ३१ ऑक्टोबरलाच आले; पहाटे नरकासुर जाळलेल्या तरुणांपैकी कोणी रात्री विलायती मुखवटा चढवला असेल, तर त्याबद्दल आम्ही भांडणार नाही. संकासुर काय, नरकासुर काय, ती सोंगेच आहेत आणि सोंगे म्हणूनच ती पाहायची असतात.

गड्याचे तसे नाही. तो सोंग घेत नाही. डिचोली तालुक्यातील साळ या गावी होळीपासून तीन रात्री जे घडते, त्याचा बाहेरचा आकार सर्वांस परिचित आहे. धोतर नेसलेले, उघड्या अंगाचे गडे देवळापुढे नाचतात. एकाएकी त्यांच्यांतील काही रानाच्या काळोखाकडे धाव घेतात. दूर डोंगरावर दिवट्या दिसल्या, असे लोक सांगतात. कोणी गडा हरवतो आणि मग बाकीचे गडे त्याला शोधून, ताठरलेल्या अंगाने, खांद्यावरून परत आणतात. ज्याला हा नुसता देखावा वाटतो त्याने एवढेच ध्यानी घ्यावे की, त्या उघड्या अंगावर नटाचा पोशाख नाही आणि त्या धावण्याला पगार नाही. गडा होणे हे गावचे, घराण्याचे कर्तव्य आहे. ज्याच्या ओढीने तो धावतो, तो देवचार आमच्या समजुतीत नुसते भूत नव्हे. तो सीमेचा राखणदार आहे, वाट चुकलेल्यास वाटेला लावणारा आहे. त्याला मान देतात. त्याला पाहण्यासाठी तिकीट काढत नाहीत. भूतबंगल्यात भीती ही विक्रीची वस्तू आहे. साळला ती सबंध गावाने मिळून वाहिलेला भार आहे. हा फरक कळला नाही, तर जत्रेला जाऊनही जत्रा दिसायची नाही.

पेडण्याच्या पुनवेविषयी तर याहून अधिक कळकळीने बोलणे भाग आहे. कोजागिरीच्या रात्री पेडण्यात रवळनाथ आणि भूतनाथ यांची रंगीबेरंगी लुगड्यांनी सजलेली तरंगे निघतात. भूतनाथास आपले देऊळ एका रात्रीत बांधून हवे असते, ते मिळत नाही म्हणून तो रुसून रानाकडे धाव घेतो आणि भक्तमंडळी ‘उद्या बांधू’ असे आश्वासन देऊन त्याला परतवतात, अशी कथा सांगितली जाते. देवाची समजूत घालण्याचा असा गोड प्रसंग दुसरीकडे विरळाच. परंतु त्याच रात्री पिडलेली, झपाटलेली म्हणून समजली जाणारी माणसेही तरंगांपुढे आणली जातात. त्यांत स्त्रिया असतात, पोरसवदा मुली असतात. केस मोकळे सुटले आहेत, देहाची शुद्ध नाही, आईबाप बाजूस रडवेले उभे आहेत. आणि भोवती शंभर हात मोबाईल उंच धरून ते दृश्य टिपून घेत आहेत! उद्या ती मुलगी शुद्धीवर येईल, परवा ती बाजारात जाईल, कधी तिचे लग्न ठरायचे असेल. आणि तिचे ते रूप मात्र अनोळखी माणसांच्या हातोहाती कायमचे फिरत राहील. भूतबंगल्यातील नट घरी जाताना तोंडावरचा रंग पुसून टाकतो. या मुलीने काय पुसावे?

येथे सुधारकी मताचे वाचक म्हणतील, “मग हे सगळेच बंद करा. अंगात येणे हा भ्रम आहे आणि त्या मुलीस वैद्याकडे न्यायला हवे.” यातला उत्तरार्ध आम्हांस पूर्णपणे मान्य आहे. मनाचे दुखणे हे दुखणेच आहे आणि बांबोळीस त्याचे सरकारी रुग्णालय आहे. तरंगाला हात जोडल्याने डॉक्टरचे दार बंद होत नाही. किंबहुना देवाच्या नावाने डॉक्टरकडे जाण्याचे टाळणाराने देवाचीच बदनामी केली, असे आम्ही समजतो. परंतु भ्रम म्हटले की प्रश्न सुटला, असे मानणाराने आपल्याच भूमीतील एका मनुष्याचे स्मरण करावे. कांदोळीस १७५६ साली जन्मलेल्या आबे फारियाने १८१३ साली पॅरिसमध्ये लोकांसमोर दाखवून दिले की, माणसास येणारी संमोहनिद्रा ही कोणा जादूगाराच्या हातातून वाहणाऱ्या अदृश्य प्रवाहाने येत नाही. ती त्या माणसाच्या स्वतःच्या मनाच्या एकाग्रतेतून आणि श्रद्धेतून उपजते. जगाने त्यावेळी त्याची टवाळी केली. पुढे शास्त्राला त्याच वाटेने यावे लागले. पणजीत त्याचा पुतळा १९४५ पासून उभा आहे. फारियाचा धडा दोघांनीही घ्यावा. गड्याच्या अंगी संचरते ते बाहेरून येते की आतून, हा वाद हवा तर चालू द्या. ते ढोंग असलेच पाहिजे असे मात्र त्यावरून ठरत नाही. आणि ज्याच्या मनाची कवाडे अशी सताड उघडी झाली आहेत, त्याच्या तोंडावर दिव्याचा झोत टाकणे हे आस्तिक आणि नास्तिक दोघांच्याही दृष्टीने सारखेच निर्दय आहे.

दुसरा आक्षेप पैशाचा. जत्रेचा बोलबाला झाला तर गावाला चार पैसे मिळतील, मग तुमचे काय बिघडते? मोप येथे, पेडणे तालुक्यातच, जानेवारी २०२३ पासून विमाने उतरू लागली आहेत. दिल्लीचा माणूस दुपारी निघून रात्री पुनवेला हजर राहू शकतो. त्याने यावे. खाजे विकणाऱ्या बाईचा धंदा चालावा, यात आम्हांस आनंदच आहे. परंतु भयाच्या मालाचा एक धर्म असा की, तो दरवर्षी वाढवून द्यावा लागतो. गेल्या वर्षीच्या भीतीने या वर्षी कोणी भीत नाही. म्हणून भूतबंगलेवाले दर हंगामास नवे बंगले, नवी भुते उभी करतात. आम्ही ते करणार आहो काय? पाहुण्यांस पुरेसे दिसले नाही, म्हणून गड्यांनी अधिक वेळ हरवावे काय? डोंगरावर दिवटी दिसली नाही, तर कोणी नेऊन लावावी काय? ज्या दिवशी तशी पहिली दिवटी लागेल, त्या दिवशी साळची जत्रा संपली असे समजावे. मग मांडावर कितीही गर्दी होवो. पेडणे, डिचोली, सत्तरी हे महाल नव्या काबिजादीतले. ते अठराव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगीजांच्या हाती गेले. जुन्या काबिजादीत देवळे पाडली गेली, चालीरीतींवर बंदी आली. त्या काळातून जे येथे वाचले ते असे आपल्याच हातांनी विकून टाकायचे असेल, तर परक्या सत्तेस नावे ठेवण्याचा अधिकार आपण गमावला.

आता एक बोल आपल्याच मंडळींना. भूतबंगल्याची नक्कल नको म्हणणे सोपे; पण त्याच्यापासून जे शिकण्यासारखे आहे ते तरी आपण शिकलो काय? ११ मे १९८४ रोजी अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात अशाच एका भूतवाड्याला आग लागली आणि आतल्या काळोखात आठ कोवळी मुले गुदमरून मेली. त्यानंतर कायदे कडक झाले. तेथील आजची शिस्त मृत्यूची किंमत देऊन आलेली आहे. २९ ऑक्टोबर २०२२ रोजी कोरियातील सेऊल शहरात हॅलोवीनसाठी जमलेली गर्दी एका अरुंद उताराच्या गल्लीत चेंगरली आणि १५९ माणसे दगावली. आम्ही ती बातमी वाचली, हळहळलो आणि विसरलो. त्यानंतर तीन वर्षेही झाली नाहीत तोच, ३ मे २०२५ च्या पहाटे, आमच्याच डिचोली तालुक्यात, शिरगावास लईराईच्या जत्रेत, तसाच उतार, तशीच दाटी आणि तोच आकांत! त्या पहाटे सहा जणांचे प्राण गेले. कित्येक जखमी झाले. व्रतस्थ राहून, हाती वेत घेऊन होमकुंडाकडे निघालेल्या धोंडांची ती रात्र. होमकुंडातील निखारे तुडवण्याची तयारी असलेल्या माणसाला परतीच्या वाटेची भीती वाटावी, अशी वेळ आपण का येऊ द्यावी? देवी रक्षण करते हे खरे. पण वाट रुंद करण्याचे, लोकांना टप्प्याटप्प्याने सोडण्याचे, जायची आणि यायची वाट वेगळी ठेवण्याचे काम तिने महाजनांवर सोपवले आहे. तिकीट विकणारी कंपनी आपल्या गिऱ्हाइकाच्या जिवाची जेवढी काळजी घेते, तेवढीही आपण भक्ताच्या जिवाची घेणार नसू, तर आमची जत्रा भूतबंगल्याहून श्रेष्ठ आहे असे कोणत्या तोंडाने सांगावे?

म्हणून आमचे मागणे दोघांकडे आहे. देवस्थानांनी आणि गावकऱ्यांनी भुतांच्या चित्रांची जाहिरात आपल्या नावाने होऊ देऊ नये. भार आलेल्या किंवा पीडित माणसाचे चित्र घेण्यास स्पष्ट मनाई करून ती पाळली जाते की नाही हे पाहण्यासाठी गावची मुले नेमावीत. रुग्णवाहिका, पाणी आणि परतीची वाट यांचा आराखडा सणाच्या आधी लिहून काढावा व तो देवळाच्या दारी सर्वांस वाचता येईल असा लावावा. या कामाला फार पैसा लागत नाही. आधी बसून विचार करावा लागतो, तेवढीच आमची तयारी नसते.

आणि जो प्रथमच जाणार आहे त्याने बेत जरूर करावा, पण जत्रेचा करावा. ओळखीच्या घरी आधी कळवावे; गावात शिरल्यावर प्रथम देवदर्शन घ्यावे आणि गावकरी सांगतील तेथे उभे राहावे. गडे धावतील त्या वाटेवर जाऊ नये, त्यांच्या मागे तर मुळीच नाही. विजेरी आणि मोबाईल खिशात राहू द्यावा. लहान मुलाला नेले तर ‘भूत दाखवतो’ असे न सांगता ‘राखणदाराच्या गावाला जाऊ’ असे सांगावे. ते कमी भिईल आणि अधिक समजेल. रात्रभर काहीच दिसले नाही, तरी पैसे वाया गेल्याची भावना मनात आणू नये. कारण तेथे आपण काही विकत घेण्यास गेलो नव्हतो. गावाच्या जागरणात एका रात्रीपुरते सामील होण्यास गेलो होतो. एवढी समज ज्याला नाही, त्याने सिंगापूरचे तिकीट काढावे. तेथे त्याची सोय उत्तम होईल आणि साळचा काळोख साळच्या लोकांपाशी शाबूत राहील.